मावशींचा पगार आणि जिन्यातलं कपाट

मावशींची नोकरी गेली. पण ते अजून घडलेलं नाही, तेव्हा तुम्ही काही ऐकलं नाही आणि इथे कुणी काही बोललं नाही.

तर, तपासनीस दुपारी शाखेत पोचला. देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या मुख्य कार्यालयातला हा सगळ्यात तरुण तपासनीस. विभागीय शाखा कुणाला किती पगार देतात आणि अडचणीत आलेल्या बँकांना तातडीचं कर्ज कसं देतात, यावर नजर ठेवायची हे त्याचं काम. नजर उत्तम होती. झोपेशी मात्र त्याचं पहिल्यापासूनच वाकडं होतं; रात्रभर छताकडे बघत पडायचा आणि छतातही त्याला चुका सापडायच्या.

या शाखेच्या दोन गोष्टी मुख्य कार्यालयाला खुपत होत्या. एक म्हणजे इथून तातडीचं कर्ज जवळजवळ कुणी नेतच नव्हतं. दुसरी म्हणजे इथल्या एका बाईंना उपप्रमुखाच्या तोडीचा पगार होता, आणि हुद्दा विचारला तर उत्तर यायचं, मावशी.

"कुणाच्या मावशी?" त्याने शाखाप्रमुखांना विचारलं.

"तशा कुणाच्याच नाहीत."

"मग करतात काय?"

"बोलतात."

"बोलायचा पगार?"

"आमच्या घरी फुकट बोलणारं माणूस आहे," शाखाप्रमुख गंभीरपणे म्हणाले, "पण त्याने झोप उडते. मावशींच्या बोलण्याने लागते."

मग त्यांनी शाखेची पद्धत समजावून सांगितली. एखाद्या बँकेबद्दल अफवा उठते, दारात ठेवीदारांची रांग लागते, आणि बँकेचा व्यवस्थापक धापा टाकत इथे कर्ज मागायला येतो. त्याला आधी बूट काढून सोफ्यावर आडवं करायचं. मावशी शेजारी स्टूल घेऊन बसणार आणि थोरल्या दिरांनी घेतलेल्या कपाटाची गोष्ट सांगणार. गडी झोपतो. उठला की विचारायचं, अजून हवंय? ज्याला खरंच हवं असतं तो तेव्हाही मागतो, त्याला लगेच देतात. बाकीचे तोंड धुऊन परत जातात आणि रांगेसमोर उभं राहून एक मोठी जांभई देतात.

"जांभई?"

"अहो, ज्याची बँक बुडतेय तो जांभई देईल का? लोक बघतात आणि घरी जातात."

हे नियमात कुठे बसतं, असं तपासनीस विचारणार, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पेठेतल्या बँकेचा व्यवस्थापक आत आला. शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली, चेहरा पांढराफटक. "रांग कोपऱ्यावरून वळली हो!" एवढंच म्हणाला. कुणीतरी त्याचे बूट काढले. मावशी आल्या, गोल, संथ, हातात लोकरीचं विणकाम. तपासनीस निरीक्षणासाठी कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसला.

"तर आमचे थोरले दीर," मावशींनी सुरुवात केली, "त्यांनी कपाट घेतलं. शिसवी. तसं शिसवी नव्हतं, पण जाऊबाई म्हणायच्या शिसवी, म्हणून शिसवी. ते जिन्यात अडकलं. वरचे हमाल म्हणतात खाली घ्या, खालचे म्हणतात वर घ्या, आणि जाऊबाई मधूनच म्हणतात, आधी पुसून घ्या..."

खिडकीतलं ऊन फरशीवर पसरून मऊ झालं. तपासनिसाला जिना दिसू लागला. कपाट हळूच जमिनीपासून सुटलं आणि जिन्यात तरंगत राहिलं. त्याचं दार उघडलं. आत रांग होती, अख्ख्या पेठेची, आणि सगळे ठेवीदार हँगरला लावलेल्या कोटांसारखे शांत डुलत होते. वरून जाऊबाई म्हणाल्या, "तपासनीस, तुम्ही जरा डावीकडे व्हा." तो डावीकडे झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कशातही चूक सापडली नाही.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते. सोफा रिकामा. त्याचेही बूट कुणीतरी काढून खुर्चीखाली नीट जोडीने ठेवले होते. मावशी चहा पीत होत्या.

"व्यवस्थापक?"

"गेला की जांभया देत. कर्ज नको म्हणाला. तू मात्र बाळा, घोरतोस हो."

"मावशी, ते कपाट शेवटी वर गेलं का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तिथपर्यंत अजून कुणी जागं राहिलेलं नाही रे. घरीसुद्धा नाही."

तपासनिसाला एकदम आपण कशासाठी आलोय ते आठवलं. त्याने खरं ते सांगून टाकलं, पगार कापला जाऊ शकतो, कदाचित जागाच जाईल.

"जाऊ दे. मुलाकडे राहीन. सून म्हणते, खुशाल या, फक्त तोंड बंद ठेवायचं." मावशींनी विणकाम उचललं, पण सुया हलल्या नाहीत.

त्याने मुख्य कार्यालयात जीव तोडून बाजू मांडली. समितीने शांतपणे ऐकलं. एक सदस्य तर कपाटाचा उल्लेख येताच पेंगला. पण नियम सरळ होता, प्रत्येक पगार इतर शाखांतल्या त्याच हुद्द्याच्या पगाराशी ताडून बघायचा. इतर कुठल्याच शाखेत मावशी नव्हत्या. म्हणून मावशीचा सरासरी पगार शून्य निघाला, आणि इथला शून्याहून बराच जास्त ठरला.

तेव्हा आता ते घडलं, जे आपण मघाशी ऐकलंच नव्हतं.

त्या रात्री छताकडे बघत पडल्या पडल्या तपासनिसाने अर्ज मनात जुळवला आणि सकाळी कार्यालयात दिला:

"सविनय विनंती की, पगाराची तुलना शक्य व्हावी यासाठी देशातल्या प्रत्येक विभागीय शाखेत एक मावशी तातडीने नेमण्यात याव्यात, तोवर मूळ मावशींच्या सुनेस, सासूबाईंना बोलू देण्याबाबत, मध्यवर्ती बँकेच्या शिक्क्यानिशी निर्देश द्यावेत, आणि कपाट वर पोचलं किंवा कसे, हे शेवटपर्यंत जागे राहून ऐकण्यासाठी खाली सही करणाऱ्यास भरपगारी रजा मंजूर व्हावी."