खोलीतली हवा एक्क्याऐंशी

मित्रांनो, मी एक जुना हवेचा मीटर आहे. जुना म्हणजे सात वर्षांचा. या वयात तुमचे दुधाचे दात पडतात आणि सगळे कौतुक करतात. आमच्यात या वयाला भंगार म्हणतात. मला अजून भंगारात काढलेले नाही, पण मध्यंतरी माझ्याविषयी एक ठराव बहुमताने मंजूर झाला. त्याबद्दल मी बोलणार आहे. मी रागावलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म नोएडातल्या एका शेडमध्ये झाला. माझ्या पोटात बोटाएवढा पंखा आहे आणि एक बारीक दिवा. पंखा हवा आत ओढतो, उजेडात धुळीचे कण चमकतात आणि मी ते मोजतो. आकडा जितका मोठा, तितकी हवा वाईट. याखेरीज मला काहीही येत नाही. मला मत नाही, पक्ष नाही, जवळचे नातेवाईक नाहीत. तुम्हाला वाटेल, अशा प्राण्याला कोण कशाला त्रास देईल? मलाही तसेच वाटायचे.

मला मयूर विहारमधल्या 'गिरिकुंज' सोसायटीत आणले ते वैजयंतीबाईंनी. चाळीस वर्षांपूर्वी सरकारी नोकऱ्यांसाठी दिल्लीत आलेल्या मराठी माणसांची ही सोसायटी. वैजयंतीबाई लष्करी इस्पितळात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला गेटजवळच्या खांबावर टांगले आणि खाली एक काळा फळा लावला. रोज सकाळी सातला त्या माझ्यावरचा आकडा वाचत आणि खडूने फळ्यावर लिहीत. फळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने कायमचे 'वै.' असे रंगवलेले होते. दर रविवारी त्या मऊ ब्रशने माझे तोंड साफ करीत. त्या माझ्याशी बोलत नसत, मीही बोलत नसे. आमचे छान चालले होते.

एका दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी चारशे बारा दाखवले. सणासुदीला थोडे कमी लिहा, असे कुणीतरी सुचवले. बाई लिहीतच म्हणाल्या, "थर्मामीटर झटकला की पारा उतरतो हो, ताप नाही उतरत."

तेव्हापासून लोकांचा फळ्यावर फार विश्वास बसला. फोनवर शहराचा आकडा दिसायचा, पण तो कुठल्या तरी लांबच्या चौकातला. आपल्या गेटवरचा, आपल्या बाईंनी लिहिलेला, तोच खरा. म्हातारी माणसे फळा बघून फिरायला जायची की नाही ते ठरवीत.

सगळ्यात जास्त विश्वास होता तिसऱ्या मजल्यावरच्या अक्षयाचा. तिची मुलगी भक्ती नऊ वर्षांची. तिला दमा आहे. त्यांच्या घरचा नियम सोपा होता. आकडा दोनशेच्या आत असेल तर भक्तीने खाली खेळायला जायचे, वर असेल तर घरात बसायचे. अक्षया साडेसातला मेट्रो पकडायला निघाली की फळ्याकडे बघे आणि तिथूनच वर हात करून खूण करी. भक्ती बाल्कनीत उभी असे. नोव्हेंबरात ती खूण बहुतेक नकाराचीच असायची. मी चोख मोजतो म्हणून एक मूल महिनाभर घरात बसते, याचे मला वाईट वाटे. पण मी मीटर आहे. वाईट वाटून घेणे माझ्या पंख्यात बसत नाही.

आता ठरावाकडे येतो.

सोसायटीचे सचिव गुलाबराव. आयुष्यभर सरकारी दफ्तरात काढल्यामुळे त्यांना कोणतीही गोष्ट कागदावर आणल्याशिवाय घडली असे वाटत नाही. नोव्हेंबरअखेर मुलांचा क्रीडादिन होता आणि पाहुणे म्हणून एक मोठे अधिकारी यायचे होते. त्यांच्या कार्यालयाने आधीच विचारले होते की तुमच्याकडे हवा कशी आहे. फळ्यावर होते तीनशे एकतीस.

गुलाबरावांनी आधी माझ्यासमोर पाण्याचे फवारे लावले. मी धुके आणि धूळ सारखीच मोजतो, हे त्यांना माहीत नव्हते. मी चारशे साठ दाखवले. फवारे त्याच दिवशी काढले.

मग वैजयंतीबाई भाच्याच्या लग्नाला तीन आठवडे देवळालीला गेल्या आणि इकडे माझ्या खांबामागच्या सोसायटीच्या ऑफिसात सभा भरली. 'माकडांपासून संरक्षणार्थ' मला खांबावरून काढून ऑफिसात ठेवावे, असा प्रस्ताव आला. माकडे आमच्याकडे आहेत, हे खरे. सात वर्षांत त्यांनी मला हात लावला नव्हता, हेही खरे. ऑफिसात हवा शुद्ध करणारे मोठे यंत्र चोवीस तास चालू असते. हे सर्वांना माहीत होते, आणि म्हणूनच कोणी बोलले नाही.

एकट्या कादंबरी नावाच्या बाईंनी विचारले की मग तो आकडा खोलीचा होईल ना, बाहेरचा कसा? तेव्हा काकासाहेब उठले. ते कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, आणि निवृत्तीनंतर त्यांना विद्यार्थी मिळत नसत. त्यांनी वीस मिनिटे समजावले. आपल्याकडे ज्या हवेला 'मध्यम' म्हणतात तिला दुसऱ्या देशात 'घातक' म्हणतात. म्हणजे चांगले-वाईट हवेत नसते, ते माणसे आपापसात ठरवतात. काल पाप होते ते आज रिवाज आहे. आकड्याचे तरी वेगळे काय?

"बिल्कुल," गुलाबराव म्हणाले. "म्हणजे आपणही ठरवू शकतो."

काकासाहेबांना असे म्हणायचे नव्हते, असे मला आजही वाटते. पण सात वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याशी सहमत झाले होते, म्हणून ते खाली बसले. ठराव झाला: 'ऑफिसातील मीटरचा आकडा हाच सोसायटीच्या हवेचा अधिकृत आकडा समजावा.' नऊ विरुद्ध एक. मला ऑफिसात हलवले आणि मी एक्क्याऐंशी दाखवू लागलो.

मित्रांनो, यात मला सर्वात जास्त राग कशाचा येतो, सांगतो. त्यांनी मला बिघडवले असते तर मी समजू शकलो असतो. खोटे बोलायला लावले असते तरी एक वेळ चालले असते. पण मी त्या खोलीचे अगदी खरे बोलत होतो. एक्क्याऐंशी म्हणजे एक्क्याऐंशीच. माझ्या खऱ्या बोलण्यातूनच त्यांनी खोटे तयार केले, आणि तेही हात न मळवता. बाई गेल्यापासून फळा कोराच होता; क्रीडादिनाच्या पहाटे गुलाबरावांनी तो आकडा सुवाच्य अक्षरात त्यावर लिहिला. कोपऱ्यातले 'वै.' तसेच राहिले.

क्रीडादिनाच्या सकाळी अक्षयाने फळा पाहिला. एक्क्याऐंशी, आणि खाली 'वै.' बाई परत आल्या, असे तिला वाटले; वरच्या रिकाम्या खांबाकडे तिचे लक्ष गेले नाही. तिने वर बघून खूण केली. ऑफिसच्या बंद खिडकीतून मला गेट आणि मैदान दिसत होते. भक्ती जिन्यावरून धावत खाली आली. हवा चांगली असताना कशाला लागतो म्हणून तिने दम्याचा पंप घरीच ठेवला होता.

मैदानाचे दुसरे टोक मला दिसत नव्हते, इतके सगळे राखाडी होते. भाषण झाले. पाहुण्यांनी सोसायटीच्या झाडांची स्तुती केली. मग मुलींची शर्यत सुरू झाली. तेवढ्यात गेटजवळ टॅक्सी थांबली आणि वैजयंतीबाई बॅग घेऊन उतरल्या. त्यांनी फळा वाचला, आभाळाकडे पाहिले, रिकाम्या खांबाकडे पाहिले आणि बॅग तिथेच टाकून त्या मैदानाकडे धावल्या.

भक्ती अर्ध्या वाटेतच खाली बसली होती. अक्षया पंप आणायला तीन मजले चढून गेली. बाईंनी भक्तीला उचलले आणि ऑफिसात आणून माझ्यासमोरच्या खुर्चीवर सरळ बसवले. तिच्या छातीतून येणारा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो मोजता येत नाही. पंप आला, तिने तो ओढला, बाई तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत राहिल्या. हळूहळू आवाज उतरला. तेव्हा भक्तीची नजर माझ्यावर गेली.

"वैजूआजी," ती म्हणाली, "ये मीटर झूठा है क्या?"

 मला तेव्हा बोलता आले असते तर मी काय सांगितले असते, बाळांनो? की मी खराच आहे, फक्त मला चुकीच्या जागी ठेवले आहे? दम लागलेल्या मुलीला हा फरक काय कामाचा?

पण आत माणसे शिरत होती. दार सताड उघडे होते. बाहेरची हवा आत आली आणि मी माझे काम केले. एकशे चाळीस. दोनशे दहा. सगळे माझ्याकडे बघू लागले. दोनशे ऐंशी.

"दार लावून घ्या," गुलाबराव म्हणाले.

वैजयंतीबाईंनी पायाने खुर्ची सरकवून दारात अडकवली. तीनशे वीस. तीनशे सत्तेचाळीसला मी थांबलो. पाहुणे गाडीकडे निघून गेले होते.

काकासाहेब आकड्याजवळ आले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मोजपट्टी आपण बनवली, गुलाबराव. पोरीची छाती आपण बनवलेली नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच शिडी धरली आणि बाईंनी मला पुन्हा खांबावर टांगले. आता रोज सातला भक्ती बाईंबरोबर येते आणि बाईंनी लिहिण्याआधी आकडा स्वतः वाचते. माझ्याकडे ती अजून जरा संशयानेच बघते. मला ते आवडते.

मित्रांनो, तुमच्या गावात, शाळेत, घरात माझ्यासारखे कोणी असेल. घड्याळ असेल, तराजू असेल, एखादे स्पष्ट बोलणारे माणूसही असेल. त्याची धूळ पुसा. त्याच्या आकड्यांवर हवा तेवढा वाद घाला. फक्त तुम्ही जिथे श्वास घेता तिथेच त्याला टांगा.

आणि हो, तो ठराव अजून रद्द झालेला नाही. त्यासाठी सभा बोलवावी लागते आणि सभेला कोणी येत नाही. कागदोपत्री 'गिरिकुंज'ची अधिकृत हवा आजही एक्क्याऐंशीच आहे. बाहेर मी तीनशे दोन दाखवतो आहे.

भक्ती आज घरात आहे.