पूजेआधीची इडली

विश्वेश्वररावांची पूजा म्हणजे पाऊण तासाचं काम. घड्याळाच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला माणूस. देवालासुद्धा ताटकळत ठेवायचा नाही. साडेसातला बसला की सव्वाआठला आरती. पण त्या वर्षी बायकोच्या, कौशल्याबाईंच्या, मानेत गाठ निघाली, डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं, आणि रावांनी देवाचं फारच मनावर घेतलं. पहिल्या सलाइननंतर एक स्तोत्र वाढलं, दुसऱ्यानंतर दोन, आणि तिसऱ्याच्या आधी तर रोज अकरा आवर्तनांचा संकल्पच सोडला. आरतीला साडेदहा वाजायला लागले. बायकोसाठी केवढं करतात, असं शेजारपाजार म्हणायचा. रावांनाही ते पटायचं. माणूस भाबडा, पण त्या भाबडेपणाला फुशारकीची जराशी फोडणी होती, हे सांगितलेलं बरं.

उपचार असा होता: दर तीन आठवड्यांनी एक दिवस सलाइनमधून औषध, आणि दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस रोज सकाळी स्टेरॉइडच्या पाच गोळ्या. असे सहा फेरे करायचे होते. तिसरा झाला आणि कौशल्याबाईंच्या पोटात आग पडायला लागली.

तपासणीला डॉक्टर शेषगिरींनी विचारलं, “गोळ्या सकाळीच घेता ना, अम्मा?”

“हौदु, सकाळीच. बरोबर आठला.”

“आणि खाता कधी?”

कौशल्याबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, “साडेदहाला. स्वल्प पुढंमागं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, अम्मा. पोट पोळतं. आत जखम झाली, रक्त यायला लागलं, तर मला पुढचे फेरे थांबवावे लागतील. गाठ निम्मी उतरलीय. आता थांबून चालणार नाही.”

“मग दुपारी जेवल्यावर घेऊ?”

“उशिरा घेतल्या की झोप उडते. सकाळीच, नाश्त्याबरोबर. पोटासाठी वेगळं औषध देतो, पण खायला तर हवंच. अडचण काय आहे?”

कौशल्याबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि घाईनं जमिनीकडे. “यांची पूजा व्हायची असते. आमच्यात नैवेद्याआधी खात नाहीत. त्यातून पूजा माझ्यासाठीच चाललेली. मी कशी आधी खाऊ?”

रावांचा चेहरा उतरला. आठ ते साडेदहा, अडीच तास. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. ज्या स्तोत्रांनी हिला बरं करायचं, त्यांनीच हिचं पोट जाळलं होतं. कोरमंगलातल्या घरापर्यंत रिक्षात ते बोटांवर तास मोजत राहिले.

घरी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, “पूजा उद्यापासून पाऊण तासाची. सातच्या आत संपवतो.”

“मुळीच नाही. संकल्प सोडलाय तुम्ही. मोडलात तर तो माझ्याच अंगाशी यायचा.”

“मग तू आधी खाऊन घे.”

“तुम्ही उपाशी देवासमोर, आणि मी मागं बसून इडल्या हाणू? घास उतरेल का माझ्या घशाखाली?”

पुढच्या सलाइनपर्यंत हेच चाललं. बाई हटेना. राव चिडले, रुसले, आणि खरं सांगायचं तर घाबरले. पोटापायी उपचार थांबला आणि ती मानेतली गाठ पुन्हा वाढली तर?

चौथं सलाइन झालं. दुसऱ्या दिवशी पावणेआठला राव आंघोळ न करता, लुंगीवरच स्वयंपाकघरात आले. पाटावर बसले. वाफाळती इडली उचलली, चटणीत बुडवली आणि तोंडात टाकली.

“अहो!” कौशल्याबाई किंचाळल्या. “आंघोळ नाही, देव अजून पारोसे!”

“असू देत,” भरल्या तोंडानं राव म्हणाले. “देवाआधी खाल्ल्याचं पाप आता माझ्या डोक्यावर. पूजा नंतर करतो, अकराच्या अकरा आवर्तनं, दुपारचे बारा वाजले तरी. संकल्प मोडत नाही आणि मी उपाशीही नाही. आता तुझं काय अडलंय?”

“आधी पोटोबा, मग विठोबा!” कौशल्याबाई म्हणाल्या. पोरं लहान असताना पूजेआधी खाऊ मागायची, तेव्हा याच म्हणीनं रावांनी त्यांची लाज काढली होती. बाईंना हसू आवरेना. इतक्या हसल्या की डोक्याचा रुमाल सरकला, केस गेलेलं डोकं उघडं पडलं, आणि त्यांनी तो सावरलासुद्धा नाही. तशाच शेजारी पाट ओढून बसल्या. दोन इडल्या खाल्ल्या, आठच्या ठोक्याला गोळ्या घेतल्या, वर आणखी दोन इडल्या खाल्ल्या.

चौतीस वर्षांच्या संसारात दोघं सकाळी एकत्र कधी बसलेच नव्हते. राव खायचे, बाई वाढायच्या, मग मागाहून काय उरेल ते त्या एकट्या खायच्या. बायको इडलीची आधी कड खाते आणि मऊ मधला भाग शेवटासाठी राखून ठेवते, हे रावांना त्या दिवशी कळलं.

“खाताना फार छान दिसतेस गं तू,” ते म्हणाले.

“पुरे. चटणी सांडतेय तुमची.”

पोटातली आग विझली. पाचवा आणि सहावा फेरा ठरल्या दिवशी पार पडला. डॉक्टरांनी स्कॅनचा फोटो उजेडासमोर धरून गाठ दिसत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा राव सगळ्यांदेखत रडले आणि येताना अर्धा किलो मैसूरपाक घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून ते न्हाणीघराकडे निघाले. पूर्वीसारखी आधी आंघोळ, मग पूजा, मग खाणं.

“अहो, कुठं निघालात?” स्वयंपाकघरातून हाक आली. “पानं घेतलीत.”

“अगं, गोळ्या संपल्या ना आता?”

“गोळ्या संपल्या,” कौशल्याबाई म्हणाल्या, “पण माझी एकटीनं खायची सवय मोडलीय. या, बसा.”