बापाचे कान

कडूबाच्या दोन बोटांत जानरावचा कान होता आणि अख्खं सुलतानपूर ते बघत होतं.

आता ह्यात बघण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण ज्या कडूबा न्हाव्यानं उभ्या जन्मात आपली हत्यारांची धोकटी बौद्धवाड्याकडे नेली नव्हती, ज्याच्या बापानं नेली नव्हती, आज्यानं नेली नव्हती, तोच कडूबा भर दुपारी शाळेच्या ओसरीत जानरावचा कान दुमडून धरून उभा होता, आणि समोर एक कलकत्त्याकडचा साहेब भिंग लावून त्या कानाचा काठ तपासत होता! कडूबाच्या कपाळावर घाम. जानराव मात्र मान वाकडी ठेवूनच म्हणतो कसा,

"काऊन कडूबा, आज आंघोळ तू करशीन का मी करू?"

ओसरी खो खो हसली.

"गप बस बे. कान हालते," कडूबा म्हणाला.

महाराष्ट्र होऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झाली असतील. साहेबाची जीप सकाळीच आली होती आणि ती आली होती कानावरचे केस बघायला. खरंच सांगतो, कानावरचे केस! काही पुरुषांच्या कानाच्या काठावर केस उगवतात ना, राठ, काळे, तेच. त्या लोकांचं म्हणणं असं की ही खूण बापाकडून मुलाकडे जाते, लेकीकडे जातच नाही. बाप, आजा, पणजा, खापरपणजा, अशी वर वर चढत जाते. म्हणून ते जातीजातीचे, बोलीबोलीचे कान बघत गावोगाव हिंडत होते. सकाळी तांड्यावर जाऊन लमाणांचे कान बघितले, घरात गोरमाटी बोलणारे. मग वडारांचे बघितले, ते घरात तेलगू बोलतात. मग मोहल्ल्यातले मुसलमान, मग कुणबी, माळी. साहेबाला मराठी येत नव्हती, त्याच्याबरोबर नागपूरचा एक सहायक होता, तो सगळं समजावून सांगायचा. कान न दुखवता दुमडून धरायला सराईत हात पाहिजे म्हणून त्यांनी कडूबाला बोलावून घेतलं, आणि त्यात जानरावचीही पाळी आली. कडूबा नाही म्हणणार तरी कसा? सरकारी काम!

"घ्या," सहायक म्हणाला, "तांड्यावरच्या नाईकाचा कान आणि ह्यांचा कान, शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत."

"म्हणजे नाईक आन मी भाऊ भाऊ झालो का जी?" जानरावनं विचारलं.

"पाच-पन्नास पिढ्या मागं गेलं तर असालही."

"मंग वाटणी मागतो त्याले!"

परत हशा. आणि त्या हशातच साहेबाची नजर कडूबाकडे गेली. भिंग हातात होतंच. साहेब पुढे झाला, त्यानं कडूबाचं मुंडासं वर सारलं आणि तोंडातून शीळच घातली. दोन्ही कानांच्या काठांवर दाट, काळेभोर, बोटाच्या पेराएवढे केस! साहेबानं फोटो काढले, पट्टी लावून मोजले, दोनदा वाह वाह म्हणाला. गावात कुणी कडूबाच्या कानाकडे असं कधी बघितलं नव्हतं. सगळ्यांचे कान त्यानं बघायचे, त्याचा कान कोण बघणार? त्याचा त्यानं तरी कुठं बघितला होता? बोटांना लागायचा तेवढाच. पण त्याची माय सांगायची, कडूबा पोटातूनच बापाचे कान घेऊन आला. ते त्यानं साहेबाला सांगितलं. छाती अशी फुगली होती!

"मुलगा आहे तुम्हाला?" सहायकानं विचारलं.

"हाव तं! एकच आहे. इंद्रभान! ओ इंद्रभान, इकडं ये!"

इंद्रभान आला. विशीतला पोरगा, बापाच्या मागं धोकटी घेऊन फिरायचा, हात बापापेक्षा हलका आहे असं लोक म्हणायचे. कडूबानं स्वतः त्याचा कान धरला, दुमडला, उन्हाकडे केला. साहेबानं भिंग लावलं. डावा बघितला. उजवा बघितला. आणि मान हलवली.

काही नाही. लोण्यासारखा कोरा कान.

ओसरीत गुलाबराव बसला होता, गावातला मोठा शेतकरी, जीभ म्हणजे विंचवाची नांगी. तो तंबाखू मळता मळता म्हणाला,

"कडूबा, तू खामगावले जिनात गेलता तं कोणत्या साली बे?"

एवढंच. पण ओसरी अशी काही हसली की चिमण्या उडाल्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, इंद्रभान पोटात राहिला त्या वर्षी कडूबा खामगावला होता. तिथल्या कापसाच्या जिनातल्या मजुरांची हजामत करायला जायचा हंगामभर, सणावारालाच घरी यायचा.

सहायक घाईघाईनं म्हणाला, "अहो, येतात पुढं! कुणाकुणाला तर तिशीच्या आसपास येतात, चाळिशीतही येतात. आत्ता नाहीत म्हणजे काही नाही."

कडूबानं ते ऐकलं. नाही ऐकलं असं नाही. पण कसं ऐकलं? मयताच्या घरी लोक म्हणतात ना, बिचारा सुटला एकदाचा, तसं. शिकलेला माणूस आहे, दया आली, बोलला. जानरावसुद्धा जाता जाता म्हणाला, "खरं सांगून राह्यला तो साहेब. मले तं दुसरं पोरगं झाल्यावर आले."

"तुले कोणं विचारलं?" कडूबा खेकसला.

त्या संध्याकाळी कडूबा जेवला नाही. कोकिळेनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ताट वाढलं, तो भिंतीकडे तोंड करून बसला.

"काय झालं?"

"तुले माहीत नाही काय झालं?"

गावात गोष्ट फिरायला किती वेळ लागतो? तिच्या कानावर आलीच होती. ती चुलीपुढून उठली, पदरानं हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "आपल्या लग्नात माह्या भावानं तुमचा कान पिळला होता. कानपिळीले. आठवते?"

मुलीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, मग नवरदेव त्याला पागोटं देतो, ती रीत. 

"असा पिळला का लालभडक झाला. मी बाजूलेच होती. साऱ्या मांडवानं पाह्यला. एक केस नव्हता तुमच्या कानावर. ते मांगून आले, इंद्रभान चालू-बोलू लागल्यावर. नाही पटत तं विचारा माह्या भावाले."

"तुह्याच भावाले विचारू?" कडूबा म्हणाला. "अन् माही माय काय खोटं बोले?"

"माय लाडानं बोले."

"अन् तू?"

कोकिळेनं त्याच्याकडे बघितलं. मग ताट उचललं, झाकून ठेवलं आणि आत गेली. ह्या विषयावर ती त्याच्याशी त्यानंतर कधी, म्हणजे कधीच, बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रभान रोजच्यासारखा खुंटीवरची धोकटी काढायला गेला. चामड्याची जुनी धोकटी, आत वस्तरे, कैची, नखं काढायची नराणी, हातातला आरसा. कडूबाच्या आज्याची होती ती.

"ठेव," कडूबा म्हणाला.

"काऊन?"

"धोकटी बापाकडून पोराले जाते."

पोरगा हात वर करून तसाच उभा राहिला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. इंद्रभाननं हात खाली घेतला.  आतमध्ये गेला, मायच्या पाया पडला, आणि मेहकरच्या रस्त्याला लागला.

पुढची वर्षं कशी गेली म्हणाल तर कडूबाची तशीच गेली. सकाळी धोकटी, गावभर फिरणं, सुगीला बलुत्याचं धान्य. लोक विसरले. गुलाबराव तर इतका विसरला की एकदा दाढी करताना कडूबालाच विचारलं, "पोट्टं काय करून राह्यलं बे तुह्यं?" कडूबाचा वस्तरा त्याच्या गळ्यावर होता, तो जरा थांबला आणि मग फिरला.

बातम्या आणायचा जानराव. तो बाजाराला मेहकरला जायचा. इंद्रभाननं स्टँडजवळ दुकान टाकलं. दोन फिरत्या खुर्च्या, मोठाले आरसे. मामानं लग्न लावून दिलं. "मी बसून आलो ना खुर्चीत," जानराव सांगायचा. "माह्या बाजूले एक वकील बसेल होता. पोट्टं मानेवर पांढरा टॉवेल टाकते, मामा म्हणते मले." कडूबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण जानराव निघाला की म्हणायचा, "बस ना. घाई काय आहे?" आणि जानराव बसायचा, अंगणातच, जरा लांब.

दिवाळीला, संक्रांतीला कोकिळा एकटी मेहकरला जाऊन यायची. कडूबा विचारायचा नाही, ती सांगायची नाही. ती भाकरी करायची, तो खायचा. एकाच छपराखाली दोन भाडेकरू राहावेत तशी ती दोघं राहिली. मनातून त्याला कधी वाटलंच नाही का, की सहायक खरं बोलला असेल? वाटायचं! कधी कधी कुणाच्या तरुण पोराचा कान दुमडताना एकदम वाटायचं, आणि मग तो जोरजोरानं पाणी चोळायचा.

सात-आठ वर्षांनी कोकिळा तापानं गेली. चार दिवसांत आटोपलं.

इंद्रभान आला. खांदा दिला, अग्नी दिला, शेजारच्या गावात मामाच्या घरी उतरला. बापाशी बोलला नाही. बापही नाही. आणि दहाव्याला नदीवर वेगळीच पंचाईत झाली. मुलानं डोकं भादरायचं, पण भादरायचं कुणी? गावात न्हाव्याचं घर एकच, आणि मामा जातीचा न्हावी खरा, पण शेतीवर पोट, वस्तरा कधी धरलेला नाही. जवळच्या बीबी गावच्या न्हाव्याला सांगून ठेवलं होतं, पण बीबीचा त्या दिवशी बाजार, तो काही आलाच नाही. ऊन चढायला लागलं. पिंडाचं सगळं मांडून ठेवलेलं, माणसं झाडाखाली चुळबुळ करत होती.

"मी माह्या हातानं करतो," इंद्रभान म्हणाला.

"मांगून दिसते का तुले?" मामा म्हणाला. मग कडूबाकडे वळला. "दाजी, वस्तरा हाये ना तुमच्यापाशी? मंग कोणाची वाट पाह्यता?"

 गुलाबराव होता, तो खाली बघून तंबाखू मळायला लागला. जानराव लांब काठावर उभा होता. कडूबा उठला. इंद्रभान दगडावर बसला, पाठ करून.

कडूबानं डोक्यावर पाणी घातलं, चोळलं. किती वर्षांनी हात लागला त्या डोक्याला! वस्तरा माथ्यावरून खाली आला, काळे केस लगद्यासारखे पडत गेले. डावा कान आला. न्हाव्याची सवय, दोन बोटांनी कान दुमडला. आणि बोटांना आधी कळलं.

काहीतरी मऊ.

कडूबाला वाटलं, कापलेले केस चिकटलेत. त्यानं फुंकर मारली. हलले, पण उडाले नाहीत. त्यानं बोट पाण्यात बुडवलं आणि कानाच्या काठावरून पुसून घेतलं. तरी होतेच. वाकून बघितलं. तीन-चार, बारीक, काळे, कानाच्या काठातूनच उगवलेले.

वस्तरा हवेत राहिला.

"दिसले का?" इंद्रभान पुढं बघतच हळू म्हणाला. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

कडूबानं वस्तरा खाली घेतला. "कधी..."

"दिवाळीच्या आंदी. मायनं पाह्यले."

"मले नाही सांगतलं तिनं."

"मी म्हणलं सांगून टाक. माय म्हणे, नाही. केस पाहून पोरगा म्हणत असतीन तं ऱ्हाऊ दे."

नदी वाहत होती. मामानं विचारलं, काय झालं, लागलं का? 

"इंद्रभान..." कडूबा म्हणाला. "धोकटी..."

"माह्यापाशी आहे सारं. तुमी आटपा. कावळा वाट पाह्यते."

"हे एवढे ऱ्हाऊ देऊ का?" कडूबाचा आवाज भिकाऱ्यासारखा आला. "कानावरचे. एवढेच. ऱ्हाऊ दे."

"मायचा दहावा आहे," इंद्रभान म्हणाला. "एकही केस ठेवत नाहीत. तुमीच शिकवलं."

तेही खरंच होतं. त्यानंच शिकवलं होतं, ह्याच नदीवर, पोराच्या हाताला हात लावून. कडूबानं कान परत दुमडला, वस्तरा टेकवला आणि एकदाच, हलकेच, काठावरून फिरवला. कान कोरा झाला, शाळेच्या ओसरीत होता तसा. मग उजवा कान. मग मान. मग इंद्रभान उठला, नदीत उतरला, बुडी मारली आणि पिंडाकडे गेला. वळून बघितलं नाही.

कडूबा दगडाजवळ बसून राहिला. न्हावी वस्तरा पुसतात तसा तो त्यानं सवयीनं डाव्या मनगटावर पुसला होता. मनगटावर केसांचा ओला थर होता, सगळे काळे, सगळे सारखे. त्यातले कानावरचे कोणते, ते बोटानं एकेक बाजूला करत तो शोधत होता, आणि तिकडं कावळा शिवला म्हणून लोक ओरडले तरी त्यानं मान वर केली नाही.