यांना तिथंच थांबवा

हमरस्त्याच्या कडेला सोडून दिलेल्या बंद ट्रकचं दार कापायला पोलिसांनी वेल्डरला बोलावलं. त्यानं दार उघडलं. पोटासाठी परमुलखातून निघालेली माणसं आत एकमेकांच्या अंगावर पडली होती. धुगधुगी होती ती एकाच बाईत. तिला त्यानंच उचलून बाहेर आणलं.

सगळं गाव हळहळलं. दोन्ही पक्षांचे पुढारी येऊन डोळे पुसून गेले. कुणीतरी वेल्डरच्या तोंडापुढं माइक धरला. तो कसाबसा म्हणाला, "पैसे घेऊन माणसं कोंबणारे हे दलाल... यांना तिथंच थांबवायला हवं होतं."

बाई इस्पितळात होती तोवर वेल्डरची बायको रोज तिच्यापाशी जाऊन बसायची. एकीचं बोलणं दुसरीला कळायचं नाही, तरी दोघींचं गूळपीठ जमलं. पुढं बाई शिवणकामाला लागली.

मग कारखान्यात कपात झाली, पाठोपाठ निवडणूक आली. हळहळ केव्हाच ओसरली होती. एके सकाळी चौकात एका पक्षाच्या फलकावर वेल्डरचाच फोटो झळकला. खाली ठळक अक्षरं: 'यांना तिथंच थांबवा!'

तो तडक त्या पक्षाच्या कार्यालयात गेला. "अहो, मी दलालांबद्दल बोललो होतो, त्या माणसांबद्दल नाही!"

"शब्द तुमचेच ना, दादा?" कार्यकर्त्यानं चहा पुढं केला. "आम्ही कुठं पदरचं घातलंय?"

दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "तुमचं खरं आहे हो. पण आत्ता या परक्यांची बाजू घेतली तर आमचं डिपॉझिट जाईल. निकालानंतर बघू."

घरी मेहुणा खुशीत होता. "भावजी, बरं झालं कुणीतरी बोललं! माझी नोकरी गेली, तेव्हा कोण रडलं?"



निकाल लागला. परक्यांना परत धाडायच्या ठरावाला हरलेल्यांनीही मुकाट हात वर केले.

बाईला न्यायला बस आली. वेल्डर आणि बायको धावत पोचले, पण पोलिसांनी जवळ जाऊ दिलं नाही. खिडकीतून बाईनं त्याला ओळखलं, हात हलवला. तिला इथली अक्षरं वाचता येत नव्हती, एवढंच काय ते बरं.

बस निघाली. गर्दीतल्या एकानं वेल्डरच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा! तुम्ही तोंड उघडलंत म्हणून हे झालं."

त्यानं बायकोकडं वळून पाहिलं. ती एकटीच घराच्या वाटेला लागली होती.