बियाण्याचं कोठार

उद्या पेरणी. जावा बेटावरच्या हालिमुन डोंगरातल्या त्या गावात मुखिया तारे बघून दिवस ठरवतो आणि सगळी घरं एकाच दिवशी पेरतात. मागे राहिलेल्याचं शेत पाखरं फस्त करतात, म्हणून मागे कुणी राहत नाही.

कापणीनंतर बंद केलेलं बियाण्याचं कोठार आज उघडलं. वार्सिह शिडी उतरली ती भाताच्या जुड्या छातीशी धरून. जुड्या हलक्या लागत होत्या आणि लोंब्यांतून पांढरं पीठ सांडत होतं.

"किती गेल्या?" खालून सासूने, म्हाताऱ्या सार्तीने विचारलं. लग्नाला वर्ष झालं, पण सुनेशी बोलताना तिने शब्द मोजूनच खर्चले होते.

"वरच्या सगळ्याच दिसतायत, अंबू." इथं आईला अंबू म्हणत, आणि सासूलाही.

"पाण्यात टाक."

मिठाच्या पाण्यात चांगला दाणा बुडतो, सोंड्यांनी पोखरलेला तरंगतो. घमेल्यात टाकलेली पहिली मूठ सगळी वर आली, सोबत दोन काळे सोंडे पाय झाडत. दुसरी जुडी. तिसरी. नवव्या जुडीला वार्सिहच्या तोंडचं पाणी पळालं. हे वाण या घराचं, सासूच्या सासूच्याही आधीचं. दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं.

"चूक माझी," ती रडवेली होऊन म्हणाली. "भावानं आणलेलं मळणी केलेल्या भाताचं पोतं मी आत ठेवलं होतं. त्यातूनच आले."

लोंबीसकट वाळवलेलं भात वर्षानुवर्षं टिकतं, मळलेला दाणा कोठारात न्यायचा नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. वार्सिह खालच्या, गिरणीच्या गावातली. तिला कोण सांगणार?

"ते पोतं मी पाहिलं होतं," सार्ती म्हणाली.

"कधी?"

"दार लावलं त्या दिवशी. आत भातदेवी झोपलेली, तिथं बोलायचं नसतं. म्हटलं, बाहेर गेल्यावर सांगू."

"मग सांगितलं का नाही?"

"बाहेर तू शेजारणींत खिदळत होतीस. माझं डोकं फिरलं. म्हटलं, चार दाणे किडू देत, शहाणीची जिरेल."

 वार्सिहने रागाने उरलेल्या जुड्या घमेल्यात आपटल्या. तळाच्या जुडीचे थोडे दाणे बुडाले. म्हातारी वाकून ते एकेक वेचू लागली.

"ओंजळभर निघालं. हे तू कोपऱ्यात वेगळं पेर. बाकीचं बी मी शेजारून मागून आणते. कुणी विचारलं तर सांगेन, सासूनंच किडे पाळले."

ती निघाली.

"थांबा, मीही येते," वार्सिह म्हणाली. राग तसाच होता. पण आता दोघींतलं कुणी गप्प बसलेलं परवडणार नव्हतं.