समिंदराच्या पलीकडची बाई

“मावशी, हे कानावर नीट बसंना. ते झुपके काढता का जरा?”

पंचफुलाने कानांशेजारी लोंबणारे चांदीचे झुपके दोन्ही हातांनी धरून ठेवले. “न्हाई पोरी. मालक जिते हायेत तवर हे निघत न्हाईत.”

दिपा हसली. हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातली ही थंडगार खोली आणि तिथला मोठा पडदा तीच सांभाळायची. तिने हेडफोन झुपक्यांच्या वरून अलगद टेकवला आणि पंचफुलाच्या डोक्यावरची ओढणी पुन्हा सारखी केली.

“आता आवाज आला का?”

“आला. बाई बोलून राहिली कोणीतरी. मराठीत.”

“ती तुमच्यासाठीच बसलीय तिथं. तिकडचं सगळं मराठीत करून तुम्हाला सांगंल आणि तुमचं त्यांना.”

पडद्यावर एक भलंमोठं दालन दिसत होतं. घोड्याच्या नालासारखी वळलेली टेबलं, प्रत्येकासमोर एक छोटा झेंडा. भिंतीलगत काचेच्या खोल्या होत्या आणि त्यांत माणसं तोंडाशी माइक धरून एकसारखी बोलत होती. टेबलांशी बसलेल्या कुणी कोट घातला होता, कुणी लुंगी, कुणी साडी. एकाच्या डोक्यावर गोल टोपी होती.

“हे समदे कोण?”

“खासदार. या एका समुद्राच्या काठाला जेवढे देश आहेत ना, त्या सगळ्यांचे. आपल्या झेडपीत प्रत्येक सर्कलचा मेंबर येऊन बसतो, तसं.”

“ह्यांची आपसात भांडणं न्हाईत?”

“आहेत की. लई आहेत. म्हणून तर बसतात.”

पंचफुला पडद्याकडे बघत राहिली. तिच्या तांड्यावर दोन भाऊ बांधाच्या भांडणापायी वर्षानुवर्षं बोलत नव्हते, आणि इथे देशच्या देश एका टेबलाला बसले होते.

तिचा तांडा सेनगावच्या पुढे, माळावर. घरात ती आणि नवरा उत्तमसिंग. दोघांना एकुलता एक मुलगा, नरसिंग. उत्तमसिंगची पाठ गेल्यापासून शेत तीच बघायची. नरसिंग एका मुकादमाबरोबर हैदराबादला बांधकामावर गेला आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीने पूर्वेकडच्या बंदरावर. मासे धरायच्या बोटीवर जाळं ओढायचं काम मिळालं म्हणून त्याचा फोन आला होता. “आई, इथं पाणीच पाणी हाय,” एवढंच त्याला सांगता आलं होतं. मग एके दिवशी बोटीच्या मालकाचा फोन आला. बोटीचं इंजिन बंद पडलं, ती वाहत जाऊन दोन देशांमधली समुद्रातली रेघ ओलांडून गेली, आणि बोटीवरच्या सगळ्यांना पलीकडच्या बेटावरच्या देशाने पकडून नेलं. तेव्हापासून नरसिंग तिथल्या तुरुंगात होता.

या खासदारांची परिषद आता एका किनाऱ्यावरच्या शहरात भरली होती, आणि समुद्रात पकडल्या गेलेल्यांच्या घरच्यांचं म्हणणं ती ऐकून घेणार होती. बाकीची माणसं किनाऱ्यावरची, ती प्रत्यक्ष गेली होती. उत्तमसिंगला सोडून पंचफुलाला इतक्या लांब जाता येईना, म्हणून तिला हिंगोलीत बोलावलं. उत्तमसिंग जीपने कसाबसा आला होता, पण आत यायला तयार झाला नाही. “तू बोल. माझ्यानं न्हाई ऐकवणार,” म्हणून तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

“मावशी, तुमची पाळी,” दिपा हळूच म्हणाली.

मधोमध बसलेल्या पांढऱ्या केसांच्या अध्यक्षांनी तिच्याकडे पाहून मान लववली. पंचफुलाकडून एका साहेबांनी कालपासून चार वाक्यं पाठ करून घेतली होती. तिने सुरुवात केली, “माननीय सदस्यांना मी…” आणि ती थांबली. अध्यक्षांच्या मागे, टोकाला, पडदा अर्धवट सरलेली एक खिडकी होती. तिच्यात काहीतरी निळं हलत होतं.

“ते काय हाय? खिडकीत?”

दिपाने तिचा हात दाबला. “मावशी, आधी बोला…”

पण काचेच्या खोलीतल्या बाईने ते भाषांतर करून टाकलं होतं. टेबलांशी बसलेल्या माणसांनी एकेक करून माना वळवल्या. अध्यक्ष म्हणाले, “तो समुद्र आहे, बाई. तुम्ही पाहिलेला नाही?”

“न्हाई साहेब. माझा पोरगा त्याच्यावर व्हता. मला दावता का?”

अध्यक्षांनी कुणाला तरी खूण केली. खिडकीचा पडदा टोकापर्यंत सरला आणि कॅमेरा सावकाश फिरून बाहेर वळला.

पंचफुला खुर्चीत पुढे सरकली. तिने सिद्धेश्वर धरण भरलेलं पाहिलं होतं. तेव्हाही तिला धडकी भरली होती, पण धरणाला पलीकडचा काठ होता. याला नव्हता. पाणी जात होतं, जात होतं, आणि जिथे संपायला हवं तिथे आभाळ सुरू होत होतं. ते एका जागी उभंही नव्हतं. सगळंच्या सगळं श्वास घेतल्यासारखं वर येत होतं आणि खाली जात होतं. तिने नकळत हात जोडले. पडद्याच्या कोपऱ्यात खुर्च्यांवरून वळून बसलेली ती सगळी माणसंही समुद्राकडेच बघत होती.

“आई गं,” ती पुटपुटली. “एवढ्यात माझं लेकरू.”

मग तिने विचारलं, “साहेब, त्यानं रेघ वलांडली म्हंत्यात. ती कुठं हाय, ते बी दावा. म्हंजी मला कळंल तरी त्याचं काय चुकलं.”

उत्तर अध्यक्षांनी दिलं नाही. बेटावरच्या देशाच्या झेंड्यामागे एक जाडसर, थकल्या चेहऱ्याचा माणूस बसला होता. त्याने माइक पुढे ओढला.

“ती पाण्यावर दिसत नाही, बाई. पण आहे. तुमच्याकडच्या मोठ्या बोटी ती ओलांडून येतात आणि तळापासून जाळं ओढून नेतात. आमच्या लहान होड्यांची जाळी फाटतात. तुमच्या मुलाला हे माहीत नसेल. पण माझ्या मतदारसंघातली चूल त्या माशांवर पेटते.”

पंचफुलाने ते सगळं नीट ऐकून घेतलं. तिला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तो खोटं बोलत नव्हता.

“बराबर हाय तुमचं,” ती म्हणाली. “आमच्या वावरात दुसऱ्याची ढोरं घुसली तर आमी बी कोंडवाड्यात घालतो. पर साहेब, त्याह्यला पाणी दावतो. धन्याला निरोप धाडतो. माझ्या पोराचा एक शब्द आला न्हाई मला. तो जिता हाय का, तेवढं बी मला कुणी सांगितलं न्हाई.”

भाषांतर पोचायला थोडा वेळ लागला. त्या माणसाने खाली पाहिलं आणि कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

अध्यक्ष म्हणाले, “आमच्यासमोर आणखी एक आई आहे. तिचा मुलगा तुमच्या देशाच्या तुरुंगात आहे. तोही रेघ ओलांडूनच आला होता. तुमची हरकत नसेल तर…”

पडदा मधोमध दुभंगला आणि उजवीकडे एक बाई दिसू लागली. काळीसावळी, पंचफुलाच्याच वयाची, पांढरं पोलकं घातलेली, केस घट्ट मागे बांधलेले. तिच्या कानांवरही तसाच हेडफोन होता आणि तीही तो एका हाताने धरून बसली होती.

“यांचं नाव सोमावती,” अध्यक्षांनी सांगितलं.

पंचफुला चकित झाली. “दिपा, हे तर आपल्याकडलं नाव हाय!”

तिचं हे वाक्य दालनात गेलं, काचेच्या खोलीत शिरलं, एका भाषेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उतरलं, आणि बऱ्याच वेळाने पडद्यावरची सोमावती हसली. शब्दांना समुद्र ओलांडायला एवढा वेळ लागत असेल, असं पंचफुलाला वाटलं. तिच्या अंगावर काटा आला. सेनगावच्या माळावरची आपण, आणि आपण बोललेलं पाण्यापलीकडच्या एका बाईच्या चेहऱ्यावर दिसतं आहे.

“तुमचा पोरगा केवढा?” तिने विचारलं.

“लग्नाचा झालाय. निमल त्याचं नाव. लहानपणापासून त्याचा कान फुटतो. थंडी लागली की रात्रभर तळमळतो. तिथे त्याला कुणी औषध देत असेल का?”

“माझा नरसिंग. त्याला भूक लागली तरी तो सांगत न्हाई. दोनदा पुसावं लागतं.”

मग सोमावती भरभर काहीतरी बोलली आणि भाषांतर करणाऱ्या बाईचा आवाज मधेच अडखळला. “त्या म्हणतात, तुमचा मुलगा ज्या तुरुंगात आहे तो माझ्या गावापासून फार लांब नाही. मी त्याला बघून येऊ का?”

पंचफुलाने क्षणाचाही विचार केला नाही. “तुमी माझ्याला बघा. मी तुमच्याला बघते.”

दालनात कुजबुज सुरू झाली. हे त्या दिवसाच्या कामकाजात नव्हतं. परक्या देशाच्या कैद्याला नात्यातली नसलेली बाई भेटणार, तर तसा नियम नव्हता. अध्यक्षांनी थोडा वेळ कामकाज थांबवलं आणि आवाज बंद झाला, पण कॅमेरा चालूच राहिला. आपल्या देशाच्या बाजूने साडी नेसलेल्या एक खासदार बाई उठल्या, फिरून त्या जाडसर माणसाच्या टेबलाशी गेल्या. दोघं एकाच कागदावर वाकले. कधी त्या मान हलवत, कधी तो. पलीकडून गोल टोपीवाला उठून आला, मग आणखी कुणी.

“ह्या दोन देशांच्या आरमाराच्या बोटी एकमेकींवर नजर ठेवून असतात, मावशी,” दिपा पुटपुटली. तीही पडद्यावरून डोळे काढत नव्हती.

आवाज परत आला. अध्यक्षांनी ठराव वाचून दाखवला: दोन्ही सरकारांना ही परिषद विनंती करते की प्रत्येकीला दुसरीच्या मुलाला एकदा भेटू द्यावं, आणि दोन्हीकडच्या अडकलेल्या माणसांच्या सुटकेसाठी या दोघा सदस्यांनी मिळून पाठपुरावा करावा. मग त्यांनी एकेका देशाला विचारलं. एकेक माणूस आपापल्या भाषेत उत्तर देत गेला. शब्द निराळे, आवाज निराळे, आणि प्रत्येकानंतर पंचफुलाच्या कानात तोच मराठी शब्द पडत गेला. हो. हो. हो. जाडसर माणसाची पाळी शेवटची होती. “हो,” तो म्हणाला.

बाहेर आल्यावर उत्तमसिंग बाकावरून धडपडत उठला. “काय झालं?”

पंचफुलाने त्याला हात देऊन सावरलं. “अहो,” ती म्हणाली, “केवढी मान्सं एका जागी बसून आपल्या नरसिंगाचं नाव घेऊन राहिली व्हती.”

परवानगी हातात पडायला पावसाळा गेला. सोयाबीन निघालं आणि दिवाळीनंतर पंचफुला नांदेडहून रेल्वेने निघाली. दिपाने रजा घेतली होती. “मावशी, हे मला बी बघायचंय,” म्हणून ती सोबत आली. दोन्हीकडच्या भेटी एकाच दिवशी ठरल्या होत्या.

निमलला ठेवलं होतं तो बंदराच्या गावातला तुरुंग बसका, पिवळ्या रंगाचा होता. पंचफुलाने ज्वारीच्या पिठाचे धपाटे आणि त्याच्या कानाचं औषध आणलं होतं. शिपायाने त्यातला एक तोडून आधी स्वतः खाल्ला, मग डबा आत सोडला. कान दुखण्यावरचं औषध डॉक्टरकडे द्या, असं त्याने सांगितलं.

निमलला आणून तिच्यासमोर बसवलं. तिला वाटलं होतं त्याहून तो फार लहान दिसत होता. गालांची हाडं वर आलेली, एका कानात कापसाचा बोळा. ही कोण बाई, हे त्याला आधीच सांगितलेलं असावं, कारण तो तिच्याकडे डोळे फाडून बघत होता. तिच्या बांगड्यांकडे, आरशांच्या कांचळी चोळीकडे, झुपक्यांकडे.

“सोमावती,” पंचफुला म्हणाली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिच्यापाशी त्याला समजेल असा तेवढा एकच शब्द होता.

त्याचा चेहरा चुरगळला. तिने धपाटा तोडून त्याच्या हातात दिला. घास तोंडाशी जाईपर्यंत त्याने अर्धा सांडला. दोन घास खाऊन तो थांबला. तिने आणखी पुढे केला, पण त्याने मान हलवली. मग तो खुर्चीवरून उतरला, फरशीवर गुडघे टेकले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवताना तिला एकेक मणका लागत होता. तिने त्याला आपल्या बोलीत आशीर्वाद दिला. वेळ संपल्यावर शिपाई म्हणाला, “चलो,” आणि तो गेला.

कचेरीत त्या खासदार बाईंचे सचिव फोन घेऊन थांबले होते. “त्याच्या आईला काय कळवू?”

पंचफुलाने ओढणीने डोळे पुसले. “सांगा, पोरगं झकास हाय. अंगानं भरलंय. समदं जेवलं.”

दिपाने तिच्याकडे पाहिलं. सचिवांनी तसंच पलीकडे सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात दोन्हीकडची माणसं सुटली. नरसिंग घरी आला आणि निमलही त्याच्या घरी गेला. पण त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळाने सचिवांचा फोन पुन्हा वाजला. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसत म्हणाले, “सोमावतीबाईंचा निरोप आहे. तुमचा मुलगा अगदी छान आहे म्हणतात. तब्येत सुधारली आहे. सगळं जेवला.”

पंचफुलाला आपलेच मघाचे शब्द ऐकू आले. कचेरीच्या दारातून समुद्र दिसत होता. ती उठून दारापाशी गेली आणि पाणी जिथे आभाळाला टेकत होतं तिकडे बराच वेळ बघत राहिली.

“मावशी?” दिपाने हाक मारली.

“त्याह्यला सांगा,” पंचफुला म्हणाली, “लई बरं वाटलं म्हणून.”