जोडलेली जीप

"पाच पट्टे लावायचे, तर बाईला सकाळपासून दिवस पुरेना. वर चहा दोनदा," सुरेंद्र साहेब धनेशच्या कानाशी पुटपुटले.

जीपच्या आत पाय मुडपून बसलेल्या सुमनताईंना ते लख्ख ऐकू आलं. मध्ये होतं काय, त्यांनीच शिवलेल्या हूडचं कापड. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. पुटपुटा म्हणावं, आज पुटपुटून घ्या.

काळेवाडीत त्या रिक्षांची नि जीपची हूडं शिवतात. महाळुंग्याच्या या शेडमधली हिरवी जीप मात्र एकेकाळी त्यांच्याच दारातली. नवरा, ज्योतीराम, चाकणच्या एका कंपनीत वेल्डर. सुट्टीच्या दिवसांत दोन मोडक्या जीपा कापून, एकीचं तोंड नि दुसरीची पाठ घेऊन त्यांनी ही उभी केली. मग गल्लीला बोलावून म्हणायचे, "जोड शोधून दाखवा!" सुमनताईंनाही डोळे मिटून चेसिसवर बोट फिरवायला लावलं होतं. नाहीच सापडला; शेवटी त्यांनीच बोट धरून जागा दाखवली. त्या दिवशी ज्योतीराम जेवतानासुद्धा हसत होते.

ते गेले आणि महिन्याच्या आत जुन्या गाड्यांचा धंदा करणारे सुरेंद्र साहेब दारात. "जोडलेली गाडी ताई, हिला कोण विचारणार? आपला माणूस होता, म्हणून नेतो." साठ हजारांत नेली. ज्योतीरामच्या हाताखाली शिकलेला धनेशच ती चालवत घेऊन गेला आणि साहेबांकडेच कामाला राहिला.

तीन वर्षांत जुन्या जीपांचे भाव असे भडकले की लोक नवी गाडी सोडून खटारा घ्यायला रांग लावू लागले. बाणेरच्या स्वानंदशी सौदा तेरा लाखांवर ठरला होता. पैसे पाठवायला मोबाइलवर बोट टेकवायचं तेवढं बाकी.

"मिलिटरीच्या लिलावातली, जशीच्या तशी," साहेब त्याला सांगत होते. "आणि हूड बघा. आमच्या जीपवाल्यांच्या क्लबच्या अकरा गाड्यांचं काम आता ताईंनाच देतोय."

अकरा हूडं, म्हणजे वर्षभराची ददात मिटली. सुमनताईंना कळलं, हा आपल्या तोंडात कोंबायचा बोळा आहे. त्यांनी शेवटचा पट्टा ताणून बसवला. रागात बाईने काम बिघडवलं, असं कोणी म्हणायला नको. तीन वर्षं राग नीट घडी घालून ठेवलेला; आता चुरगळून कशाला द्यायचा?

"चेसिस ओरिजिनल ना, सर?" स्वानंदने विचारलं.

धनेश एकदम चाकाची हवा बघायला वाकला. हवा त्याने सकाळीच भरली होती.

"शंभर टक्के! ताई सकाळपासून आतच आहेत, विचारा त्यांना," साहेब हसत म्हणाले.

सुमनताई गुडघा धरून खाली उतरल्या. आजवर कोणाला न सापडलेला जोड आपणच दाखवायचा, हे क्षणभर जिवावर आलं. पण ज्योतीरामनी कुठे लपवला होता? ते तर गावभर सांगत फिरायचे. लपवला तो या माणसाने.

"वहिनी," धनेश खालूनच म्हणाला, "राहू द्या ना."

"तू हवा बघ, भाऊ."

त्यांनी स्वानंदला जवळ बोलावलं, वाकून चेसिसवर तळवा ठेवला.

"ही एक गाडी नाही, दादा. दोन आहेत. इथं जोडल्यात, आमच्या ह्यांनी. साहेबांना पक्कं ठाऊक आहे. हाच जोड पुढे करून त्यांनी माझ्याकडून ही मातीमोल नेली."